विहिरीच्या झाकणावर बसलेला माणूस

हरिचंद्र भालेराव जेवायला बसला की आधी भाकरीचा वास घ्यायचा. नवीन लग्न झालेलं तेव्हा कुंदाला वाटायचं, नवरा खोड काढतोय. मग एकदा त्यानंच सांगितलं, "दिवसभर नाकात तोच वास असतो गं. दुसरं काही आत शिरतंय का ते बघतो." दुसऱ्या दिवसापासून कुंदा भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात टाकायला लागली, वाफेसकट.

उल्हासनगर कॅम्प पाचच्या टोकाला, नाल्याकाठी, मैलापाण्याचं एक पंपिंग स्टेशन होतं. हरिचंद्र तिथला ऑपरेटर. तीस फूट खोल विहीर, वर लोखंडी झाकण, शेजारी पंपांची खोली. आजूबाजूच्या वस्त्यांचं सगळं सांडपाणी उतारानं त्या विहिरीत येऊन पडायचं आणि दोन मोठे पंप ते उचलून पुढं शुद्धीकरणाला ढकलायचे. पंप थांबले तर विहीर भरणार, आणि विहीर भरली की पाणी आल्या वाटेनं मागं फिरणार. मागं फिरलं की सगळ्यांत आधी कुठं जाणार हेही ठरलेलं होतं. भीमछाया चाळीत. ती सगळ्यांत खालच्या अंगाला. बारा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत मागच्या बाजूला मोठ्या हौसेनं बांधून घेतलेला संडास.

हरिचंद्रचा बाप अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात होता. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा तो विशीत होता, आणि त्याच वर्षी त्यानं गावात मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. त्यापायी मार खाल्ला, गाव सोडलं. पोरानं लाईटचं काम शिकावं, हा त्याचा हट्ट. "लाईटला जात नसते," म्हणायचा. हरिचंद्रनं आयटीआय केलं, पंपावर नोकरी लागली, पेढे वाटले. बाप एकदा हौसेनं स्टेशन बघायला आला. झाकणापाशी उभा राहिला, टॉवेल नाकाला लावला.

"हे बघायला गाव सोडलं का आपण?"

"बाबा, मी मोटारी चालवतो. आत उतरत नाही."

"मग कोण उतरतं?"

बाप परत कधी तिकडं आला नाही.

कोण उतरतं हे हरिचंद्रनं नंतर डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या एका स्टेशनवर त्याची बदली होती तेव्हा जाळीत अडकलेल्या चिंध्या काढायला ठेकेदारानं एकाला उतरवला. तो तिसऱ्या पायरीवर गप्प झाला आणि खाली पडला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांना दोरानं वर ओढणाऱ्यांत हरिचंद्र होता. तीन-चार मिनिटांत सगळा खेळ आटोपला होता. पंचनाम्यात 'पाय घसरून' असं लिहिलं. ती ओळ आठवली की त्याला मळमळायचं, मेलेल्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त.

आता वय सत्तावन्न. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. आणि ह्या स्टेशनवर गेली दोन वर्षं दर सोमवारी तो एक खोटी सही करत होता.

लाईट गेली तर पंप चालावेत म्हणून तिथं एक डिझेल जनरेटर होता. हिरवा, पत्र्याच्या शेडमध्ये, हार वाळून गेलेला. त्याची बॅटरी ठेकेदाराचा सुपरवायझर मुकेश आपल्या डंपरला लावायला घेऊन गेला होता. "चार दिवसांत आणतो काका." डिझेल तर त्याआधीच आटलं होतं. विहिरीला एक आडवाट होती, बायपासचं गेट. ते वरून चाक फिरवून उघडलं की मैलापाणी सरळ नाल्यात जायचं. त्या चाकाचा दांडाही तुटलेला. हरिचंद्रनं तीन वेळा लेखी कळवलं. तिसऱ्या वेळी ज्युनिअर इंजिनिअर यज्ञेश सरांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि लॉगबुक पुढं सरकवलं. "काका, ऑडिट आहे. जनरेटर टेस्ट रन, ओके. एवढंच लिहा. लाईट इकडं कुठं जाते हल्ली?"

पहिल्या सोमवारी लिहिताना हात जड झाला. दहाव्या सोमवारी चहाचा कप ठेवता ठेवता सही झाली. माणसाला कशाचीही सवय होते आणि ह्या गोष्टीचीच हरिचंद्रला स्वतःबद्दल शिसारी यायची.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजून गेले होते. पंपांचा आवाज एकदम खाली खाली येत गेला आणि बंद पडला. आधी वाटलं फ्यूज गेला असेल. बाहेर आला तर समोरच्या जीन्सच्या कारखान्यातले शिलाईवाले रस्त्यावर आलेले, सिग्नल बंद. कुणीतरी मोबाईल बघून ओरडलं, "ग्रीड फेल! मुंबई, ठाणे, पनवेल, सगळं गया!"

कुठंतरी लांबवर एक मोठी लाईन तुटली होती, तिचा भार दुसरीवर पडला होता, दुसरी त्या भारानं बसली होती, आणि अर्ध्या तासात दोन-अडीच कोटी माणसांची वीज गेली होती. हे नंतर कळलं. तेव्हा हरिचंद्रनं सवयीनं शेडमध्ये जाऊन जनरेटरचं बटण दाबलं. बॅटरी नाही हे माहीत असूनही दाबलं. मग त्याला स्वतःचाच राग आला.

यज्ञेश सरांचा फोन लागला.

"काका, पूर्ण मुंबई बंद आहे. आपण काय करणार त्यात?"

"सर, विहीर बारा-साडेबारापर्यंत भरेल. चाळीत पाणी शिरेल. जनरेटर..."

"जनरेटर तर ओके आहे ना? तुमचीच सही आहे सोमवारची."

हरिचंद्रनं शेडमधल्या बॅटरीच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "मी मुकेशला पाठवतो," सर म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर नेटवर्कच गेलं.

हरिचंद्र तडक भीमछाया चाळीत गेला. पहिल्या खोलीत द्रौपदीबाई राहायची. साठीची, तोंडानं फटकळ, नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"बाई, सामान वर घ्या. दुपारी संडासातून पाणी उलटं येईल. गाद्या, धान्य, सगळं वर. दादांना माळ्यावर नाही नेता येणार, पण वरच्या अंगाला कुणाकडं तरी हलवा."

"काय बोलतोस? तुमचा तो जनरेटर कशाला आहे? दर महिन्याला त्याच्यासमोर बोर्ड रंगवून जातात."

"तो चालत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

द्रौपदीबाईनं सूप खाली ठेवलं. "आणि तुला माहीत होतं."

हरिचंद्रनं मान डोलावली. ती त्याच्या पायापाशी पचकन थुंकली आणि उठून आत गेली, नवऱ्याची उशी गोळा करायला. हरिचंद्रनं पाय मागं घेतला नाही. त्याला वाटलं, बरोबर आहे.

बायकांनी गोण्यांत रेती भरून संडासांच्या भांड्यांवर ठेवली, वर दगड. नळाला पाणी नव्हतं, कारण पिण्याचं पाणी चढवणारे जांभूळ गावचे पंपही त्याच ग्रीडवर. चांगलं पाणी असं आधीच बंद झालं होतं. घाण पाणी मात्र येतच होतं, वरच्या इमारतींच्या टाक्या अजून रिकाम्या व्हायच्या होत्या. हरिचंद्रचा अंदाज होता, एकदीडपर्यंत त्या टाक्या संपतील, मग येणारा लोंढा आपोआप कमी होईल. तोवरचे दीड-दोन तास निभवायचे होते.

साडेअकराला मुकेश आला. पिकअपच्या मागं दोन माणसं, दोराची गुंडाळी, आणि एका पिशवीत दारूची बाटली. दोघांतला मोठा देऊ, बारवी धरणाच्या वरच्या एका पाड्यावरचा. तिशीचा असेल, सडसडीत, अनवाणी. दुसरा त्याचा भाचा. नाक्यावर कामाला उभे होते, तिथून उचलून आणलेले.

"काका, झाकण खोलो," मुकेश म्हणाला. "हा खाली उतरून गेट हातोड्यानं पाडेल. दस मिनिट का काम. पाणी नाल्यात सुटलं की टेन्शन खतम."

"मास्क? ऑक्सिजन? पट्टा?"

"अरे दोर आहे ना! आणि हे," त्यानं पिशवी हलवली, "हे मारलं की वास येत नाही."

हरिचंद्र देऊकडं वळला.

"तुला काय सांगितलं यानं?"

"गटार साफ कराचाय, एवढाच सांगला," देऊ म्हणाला. "बाकी मना काय म्हायती नाय, दादा."

"ऐक. खाली जो गॅस आहे तो दिसत नाही. पहिल्यांदा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मग वासच येईनासा होतो. तुला वाटेल गॅस गेला. तो गेलेला नसतो, तुझं नाक मेलेलं असतं. मग तू. तू पडलास की हा तुझा भाचा तुला काढायला उतरेल. मी असे दोन ओढून काढलेत. तोंडं निळी होती."

देऊ एक पाऊल मागं सरला. मुकेशचा आवाज चढला. "काका, डराओ मत उनको! उद्या चाळवाल्यांच्या घरात गू गेला तर जबाबदार तू. समजलं?"

तेव्हा हरिचंद्र जाऊन विहिरीच्या झाकणावर बसला. मांडी घालून. झाकणाला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. पण कुलूप फोडायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत होतं, म्हणून तो स्वतः बसला.

बारा वाजेपर्यंत चाळीतली माणसं तिथं जमली. कुणीतरी सांगितलं होतं, की एक माणूस आत उतरला तर घरं वाचतात आणि हा म्हातारा उतरू देत नाही. मग शिव्या सुरू झाल्या. सगळी आपलीच माणसं. कुणाच्या बारशाला तो गेलेला, कुणाच्या घरची वायरिंग त्यानं फुकट करून दिलेली.

"काका, उठा! तासात होत्याचं नव्हतं होईल."

"तो पैसे घेऊन उतरतोय ना? तुमच्या बापाचं काय जातं?"

बापाचं नाव निघालं तसा हरिचंद्रनं वर पाहिलं. "तुमच्यातला कोण उतरतो? सांगा. मी आत्ता उठतो." पुढची पोरं मागं सरकली. "आपल्या आज्यांनी गावचं हे काम टाकलं, म्हणून आपण माणसात आलो. आता आपली घरं बांधून झाली, तर हे काम पाड्यावरच्या माणसावर लोटायचं? मला तुमची किळस येते. माझीपण येते, मी दोन वर्षं खोटं लिहिलं. ते मी निस्तरेन. पण मी उठणार नाही."

गर्दीतून चिखलाचा एक गोळा येऊन त्याच्या खांद्यावर फुटला. तो चिखल नव्हता हे वासावरून कळत होतं. हरिचंद्रनं तो पुसला नाही. झाकणाखालून पाण्याचा गुडगुड आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता.

देऊ इतका वेळ कोपऱ्यात उकिडवा बसून नाला, रस्ता आणि चाळ असं आळीपाळीनं बघत होता. तो म्हणाला, "दादा, पानी चाळीत जाचे आधी कुठं थांबतं?"

"चाळीच्या अलीकडं चेंबर आहे. रस्त्याच्या कडेला."

"मंग तेला वरून फोडा. चर खनून नाल्यात काढा. आमी शेतात तसाच करतो. आत कशाला जावाला पायजे?"

हरिचंद्र त्याच्याकडं बघत राहिला. चेंबर आणि नाला यांच्यात वीस पावलांचा फूटपाथ होता. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. त्याला त्या क्षणी लाजही वाटली आणि हायसंही.

मुकेश मध्ये आला. "पागल है क्या? नवीन पेव्हर ब्लॉक आहेत. आत्ता मागच्या महिन्यात उद्घाटन झालं. एक ब्लॉक हलला तर वरून बोंब होईल!"

मघाशी दोराला बांधून माणूस खाली सोडायला निघालेला हा इसम आता लाल-पिवळ्या ब्लॉकांवर हात पसरून उभा होता. द्रौपदीबाई पुढं आली. तिनं मुकेशला खांद्यानं बाजूला सारलं. "माणूस मेला तर चालतो, ब्लॉक तुटला तर चालत नाही. थू तुझ्या जिंदगानीवर."

समोरच हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानवाली भावना भाभी सिंधी, अंधारात बसून होती. हरिचंद्रनं पहार मागितली. तिनं चार पहारी, दोन टिकाव आणि फावडी बाहेर आणून ठेवली. "ले जाओ भाऊ. धोकर वापस देना, बस."

ब्लॉक उखडले. खालची रेती निघाली, मग मुरूम. देऊ आणि त्याच्या भाच्याचे टिकाव एका लयीत पडत होते. मघाशी शिव्या घालणारी पोरं पाट्या उचलायला लागली. हरिचंद्र झाकणावरून उठला, पण किल्ली त्यानं द्रौपदीबाईच्या हातात दिली. "मुकेशला देऊ नका." आणि पहार घेऊन चेंबरची भिंत फोडायला गेला.

खणता खणता देऊनं विचारलं, "ह्या लाईट गेली तं एवढा गोंधळ कशाला? टीव्हीवर दावतान काय?"

"सगळ्या मुंबईची गेली ना. ग्रीड फेल म्हणतात याला."

"आमचे पाड्याव डीपी जळलाय. आज बावीस दिस झाले. तेला काय म्हनतान?"

हरिचंद्रनं पहार पुन्हा भिंतीवर हाणली.

एकच्या सुमाराला चेंबर फुटलं, आणि काळं, फेसाळ पाणी चरातून नाल्याकडं धावलं. पण सगळंच वाचलं असं नाही. चाळीच्या सगळ्यांत खालच्या अंगाच्या पाच खोल्यांत तोवर मैला उलटा आला होता. रेतीच्या गोण्या बाजूला सारून तो वर आला, चुलीपर्यंत पोचला. एका खोलीत पोरीची दहावीची पुस्तकं खालच्या फळीवर होती, ती गेली. बाकीच्या सात खोल्यांत घोट्याएवढंही आलं नाही. द्रौपदीबाईची खोली वाचली. मैला नाल्यात सोडला हेही वाईटच होतं, नाला पुढं नदीला मिळतो. हरिचंद्र ते विसरला नाही.

मुकेश केव्हाच पिकअप घेऊन निघून गेला होता. देऊ आणि भाचा चालत नाक्याकडं निघाले. हरिचंद्रनं त्यांना आपला जेवणाचा डबा दिला. देऊनं आधी नाल्यापलीकडच्या हातपंपावर हात धुतले, पुन्हा पुन्हा वास घेतला, तरी मन भरेना. शेवटी भाच्याला म्हणाला, घास तूच भरव.

वीज संध्याकाळी पाचच्या आधी आली. त्यानंतर अर्ध्या तासानं यज्ञेश सर आले. पांढरे बूट, नाकाला रुमाल. त्यांनी चालू पंपांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मग हरिचंद्रसमोर टाईप केलेला कागद ठेवला. ग्रीडच्या बिघाडामुळं जनरेटरवर अचानक ताण येऊन तो बंद पडला, नैसर्गिक आपत्ती, कर्मचाऱ्यांनी तत्परता दाखवली.

"तुमचं कौतुकच आहे यात काका. सही करा. एक वर्ष राहिलंय. शांतपणे घरी जा."

हरिचंद्रनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. बॅटरी दोन वर्षांपासून नाही. गेटचा दांडा तुटलेला आहे, तीन वेळा कळवलं. माणसाला विनासाधन आत उतरवायचा प्रयत्न झाला. दर सोमवारची 'ओके' ही नोंद खोटी आहे आणि ती मी केलेली आहे. खाली सही केली, तारीख घातली.

"हे तुमच्यावरच येणार," यज्ञेश सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरोखरच नवल होतं.

"येऊ द्या, सर. दुसऱ्या कुणावर येईल असं वाटत नाही."

आणि तसंच झालं. आधी निलंबन, मग चौकशी. चौकशी अधिकारी सभ्य होते, त्यांनी पाणी विचारलं. कागद चाळले. "मनुष्यहानी निरंक," ते म्हणाले. "पाच खोल्यांचं किरकोळ नुकसान. फूटपाथचं मात्र बरंच. मग भालेराव, तुमची नेमकी तक्रार काय आहे?"

"साहेब, निरंक आहे म्हणून तुम्ही मला विचारताय. दोघं मेले असते तर मला बोलावलं नसतं. त्यांच्या बायकांना बोलावलं असतं, अंगठा द्यायला."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही. हरिचंद्रला दिसलं, पेन हातात होतं आणि हललं नाही. त्या खोलीत एसी होता, टेबलावर अगरबत्ती होती, तरी त्याला बाहेर येऊन जिन्याखाली ओकारी झाली. आयुष्यभर विहिरीपाशी कधी झाली नव्हती.

खोट्या नोंदींबद्दल त्याची एक वेतनवाढ कापली आणि बदलापूरच्या बाजूला एका पाण्याच्या टाकीवर बदली केली. ठेकेदाराच्या फलकावर नाव बदललं, आत मुकेश तोच. यज्ञेश सरांना चांगली जागा मिळाली. द्रौपदीबाईनं चाळीतल्या अकरा बायकांच्या सह्यांचं निवेदन दिलं होतं, ते फाईलला लागलं की नाही कुणास ठाऊक. ती पुढं एकदा हरिचंद्रच्या घरी आली. चहा घेतला. म्हणाली, "तू माणूस वाचवलास हे खरं. पण दोन वर्षं आम्हाला फसवलंस, हे मी विसरत नाही." हरिचंद्र म्हणाला, "विसरू नका."

उन्हाळ्याच्या तोंडाला स्टेशनवर नवा जनरेटर आला. हार, नारळ, फोटोवाला, सगळा थाट. हरिचंद्र अर्थातच नव्हता, कुंदा मात्र बघायला गेली होती. संध्याकाळी कुंदा तिकडून आली ती हसत हसतच.

"अहो, नारळ फोडायला गेले तर द्रौपदीबाई आडवी! म्हणाली, नारळ नंतर, आधी चालवून दाखवा. एक तास. आम्ही इथंच बसतो. चाळीतल्या सगळ्या बायका सतरंजी टाकून बसल्या. मी पण बसले."

"मग?"

"अकरा मिनिटं चालला आणि गप्प! नव्या साहेबांचं तोंड बघायला हवं होतंत. म्हणतात, नवीन इंजिन आहे, सवय नाही. बाई म्हणाली, आम्हाला पण नाही, दुरुस्त करा, आम्ही उठत नाही. रात्री तिथं कोण बसणार तेपण ठरवलंय, आजपासूनच."

हरिचंद्र कागदाचा तुकडा शोधायला उठला.

"अकरा मिनिटांनी बंद म्हणजे डिझेल पोचत नाही वरपर्यंत. फिल्टर नाहीतर पाईपात हवा. सकाळी जाशील तेव्हा हे बाईंना दे. साहेबांना विचारायला सांग, फिल्टर कुणी बसवला, आणि खोलून दाखवा म्हणावं, सगळ्यांसमोर."